दाजींचं बिनमटणाचं जेवण

आमच्या गावात भाजी ही बाजूला सारायची गोष्ट आहे. ताटात ती असते, नाही असं नाही. पण मटणाच्या फोडीपर्यंत पोचताना वाटेत जे हलवावं लागतं, त्याला आम्ही भाजी म्हणतो. लग्नाहून परतलेला माणूस इथे नवरी कशी होती ते सांगत नाही, रस्सा कसा होता ते सांगतो. अशा गावात माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बसस्टँडमागच्या खाणावळीत अर्धं आयुष्य मटण रांधत आले आहेत. त्यामुळे त्यांना गावात जो मान आहे तो डॉक्टरलाही नाही. डॉक्टरकडे लोक नाइलाजाने जातात.

दाजी त्या खाणावळीत आले ते भांडी घासायला. मग कांदा चिरायला बसले, मग मटण तोडायला, आणि म्हाताऱ्या आचाऱ्याचे गुडघे गेले तेव्हा शेगडीपुढे उभे राहिले ते आजतागायत. भुवया नाहीत, शेगडीच्या जाळाने त्या इतक्यांदा जळाल्या की शेवटी त्यांनी उगवायचा नाद सोडला. त्यामुळे चेहरा नेहमी जरासा चकित दिसतो. आमचे वडील स्थळ बघायला म्हणून याच खाणावळीत गेले होते. त्यांनी दोनदा रस्सा वाढून घेतला आणि घरी येऊन जाहीर केलं, मुलगा चांगला आहे. मुलाशी ते एक शब्दही बोलले नव्हते. ताई अजून ते ऐकवते.

दाजी कधी काही मोजत नाहीत, आणि खरं सांगायचं तर बघतही नाहीत. निवडणूक, पाऊसपाणी, कुणाच्या पोराने कुणाच्या पोरीशी काय केलं, यावर ते आमच्याशी बोलत असतात आणि हात आपले स्वयंपाक करत असतात. डाव्या कोपऱ्यातल्या शेगडीवर खाणावळीतलं सगळ्यांत मोठं पातेलं मंद आचेवर कायम असतं. त्यात हाडं उकळत असतात. त्याला सगळे ‘थोरलं’ म्हणतात. म्हाताऱ्या आचाऱ्याची शिकवण अशी, की कुठलंही भांडं उतरवण्याआधी त्यात थोरल्यातलं एक ओगराळं घालायचं. मटणात तर घालायचंच, पण मसुरीत, भातात, बटाट्यातसुद्धा. दाजींच्या हाताला ते इतकं बसलंय की एकदा घरी चहा करताना त्यांचा हात पळी घेऊन डावीकडे गेला. तिथे खिडकी होती.

या घरात मुंगी जन्माला आली. लहानपणी साखरेचा डबा दिसला की पुढे सरकत नसे, म्हणून मुंगी. एकुलती एक. दाजी तिला शेगडीच्या बाजूला, ताटं ठेवायच्या फळीवर बसवून रांधायचे, आणि मटणाची पहिली फोड तिच्या तोंडात जायची, मग गिऱ्हाइकाच्या. पुढे ती शिकली, मोठ्या शहरात गेली, जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला लागली. तिथे तिने मटण सोडलं. मग अंडी, मग दूध, मग तूप, आणि शेवटी मधसुद्धा. त्याला व्हीगन म्हणतात हे मला तिच्यामुळे कळलं. मी गाडी भाड्याने चालवतो, पाहुण्यांना किल्ला, धबधबा आणि तळं फिरवून आणतो. असे लोक अधूनमधून गाडीत बसतात आणि संध्याकाळपर्यंत फार गप्प होत जातात. ते उपाशी असतात, एवढंच.

चार वर्षांपूर्वी मुंगी सुट्टीला आली तेव्हा दाजींनी तिच्या आवडीच्या फोडी निवडून केल्या. ती नको म्हणाली. त्यांनी वाढल्या. तिने ताट सरकवलं. दाजी म्हणाले, याच ताटावर मोठी झालीस, आता त्याची घाण वाटते का? ती सकाळच्या गाडीने निघून गेली. त्यानंतर फोन यायचा तो ताईला. दाजी मागे उभे राहून, तिला म्हणावं थंडी आहे, गरम कपडे घाल, असलं काहीतरी बोलायचे आणि ताई ते पुढे पोचवायची. मधे तिचं लग्न झालं तेही तिकडेच, सह्या करून. ताई जाऊन आली. दाजी गेले नाहीत, त्यांना म्हणे खाणावळ सोडता येत नव्हती. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि आपण बरोबर आहोत असं वाटणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग आहे.

आणि गेल्या महिन्यात फोन आला. मुंगी नवऱ्याला घेऊन आमच्याकडे येणार होती. आमच्याकडे म्हणजे गावाकडे, घरी नाही. तळ्याकाठच्या लॉजवर उतरणार, नवऱ्याला सगळं दाखवणार, आणि एका संध्याकाळी घरी येणार. चहाला. बिनदुधाच्या.

‘चहाला’ हा शब्द दाजींना फार लागला. दोन दिवस ते रांधताना बोलले नाहीत, आणि रस्सा बिघडला. गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे बघितलं. तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, “ती आपल्या घरी एकदा पोटभर जेवून गेली पाहिजे. बाकी मला काही नको. गाडी तुझी, मी पुढे बसणार.”

त्यांचा बेत असा होता की मुलगी-जावयाला आपणच फिरवायचं, वाटेत त्यांना चालेल असं खायला घालायचं, आणि मग जरा सैल झाल्यावर घरी जेवायचा विषय काढायचा. म्हणून आदल्या आठवड्यात आम्ही दोघं सगळ्या ठिकाणची हॉटेलं बघायला निघालो. दाजींना या भागातला प्रत्येक आचारी ओळखतो. ते दारात दिसले की आतून चांगली फोड यायची. आणि दाजी उभे राहून विचारणार, मटण नको, दूध नको, लोणी नको, अंडं नको, मध नको, मग काय आहे? किल्ल्याच्या पायथ्याच्या वेटरने विचारलं, काका, जेवायला आलात की भांडायला? तळ्याकाठच्या हॉटेलवाल्याने बराच विचार करून सांगितलं की कोंबडी चालायला हरकत नाही, ती लहान असते. धबधब्याजवळच्या बाईंनी तर दाजींचा हात धरला आणि हळूच विचारलं, कधी कळलं?

आम्ही परत पोचायच्या आत बातमी गावात पोचली होती की दाजींना डॉक्टरने मटण बंद केलंय. संध्याकाळी त्यांचा मटणवाला केळी घेऊन भेटायला आला आणि चप्पल काढून बराच वेळ बसून राहिला. जाताना म्हणाला, काही लागलं तर सांगा. दाजी खरं सांगायला गेले, पण मुलीसाठी म्हटल्यावर त्याला वाटलं मुलगी आजारी आहे. तो रडायलाच लागला. शेवटी ताईने त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

मुंगी आली. बारीक झालेली, केस कापलेले, पण हसली की तीच. जावई शाळेत गणित शिकवतो. उंच, मोकळा, दिसेल त्याचा फोटो काढणारा. त्याने माझ्या गाडीच्या टपाचाही काढला. तोही तिच्यासारखाच खाणारा निघाला, पण त्याचा त्याला काही भार नाही. खांद्याच्या पिशवीत शेंगदाणे, खजूर आणि केळी, म्हणजे माणूस जगाशी भांडायला मोकळा. पण तो भांडतच नव्हता.

मुंगी मागे, दाजी पुढे, आणि बोलणं माझ्यातून. दाजी मला म्हणायचे, मागे विचार, वारं लागतंय का. मुंगी म्हणायची, मामा, पुढे सांग, नाही लागत. दोघांच्या मधे दोन हात अंतर होतं. मी आरशात बघून निरोप पोचवत राहिलो. मला वाटतं त्या दिवशी गाडी कमी चालवली आणि टपाल जास्त वाटलं.

किल्ल्यावर एक गंमत झाली. दाजी जन्मभर या गावात राहिले, पण किल्ला त्यांनी खालूनच पाहिला होता. जावई बुरूज, तोफा, शिलालेख बघत फिरत होता. दाजी मुदपाकखान्याच्या पडक्या भिंतींत शिरले ते येईनातच. चुलींचे दगड मोजत होते. धूर कुठून जात असेल, पाणी कुठून आणत असतील, एवढ्या माणसांचं जेवण एका वेळी उतरवायला किती हात लागत असतील. जावयाने ते सगळं ऐकून घेतलं, त्यांना त्या चुलीपुढे उभं करून फोटो काढला, आणि दाजी फोटोत हसले. मुंगी थोड्या अंतरावर उभी होती. ती बघत होती, पण जवळ आली नाही.

मग भूक लागली. मुंगी कुठेही गेली की एकच प्रश्न विचारायची: कशात केलंय? पण त्या दिवशी तिला तो विचारावाच लागला नाही. पहिल्या हॉटेलात दाजी आधी मागच्या दाराने शिरले आणि लगेच बाहेर आले. मला म्हणाले, मागे सांग, इथे बटाटे चरबीत तळतात. दुसऱ्या ठिकाणी भात हाडांच्या पाण्यात शिजवला होता. तिसऱ्या ठिकाणचा आचारी शपथ घ्यायला तयार होता की पाव साधा आहे. दाजींनी पाव नुसता नाकाला लावला आणि परत ठेवला. पिठातच लोणी होतं. ज्या हॉटेलवाल्यांनी आदल्या आठवड्यात शेवटी भात, बटाटे, पाव चालेल-चालेल म्हणून सांगितलं होतं, तिथे त्यांनी स्वतःच नाही म्हणून मान हलवली. मला तर तिन्ही ठिकाणचा मटणाचा वास आला होता आणि मी तसाच बाहेर पडलो होतो. माझी कुणी चौकशी केली नाही.

शेवटी धबधब्यासमोरच्या खडकावर बसून आम्ही चौघांनी जावयाचे शेंगदाणे आणि केळी खाल्ली. दाजी केळ्याची साल हातात धरून बसले होते, चेहरा पडलेला. एवढा मोठा आचारी, आणि लेकीला दिवसभरात एक घास मिळवून देता आला नाही. मुंगी त्यांच्याकडे बघत होती. मग एकदम हसली.

“बाबा, तुम्ही तर माझ्यापेक्षा कडक निघालात.”

चार वर्षांनी ती त्यांच्याशी सरळ बोलली. दाजींनी धबधब्याकडे बघत सांगितलं की त्यात कडक काय, वास येतो. मग घसा खाकरून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, विचार तिला, उद्या दुपारी घरी जेवेल का. मी म्हटलं, दाजी, ती इथे बसलीय, मी आता केळं खातोय. तेव्हा त्यांनी स्वतः विचारलं. आवाज इतका बारीक होता की पाण्याच्या आवाजात निम्मा गेला.

मुंगी म्हणाली, “येईन. पण तुम्ही करायचं, आईने नाही. आणि घरी मी विचारणार नाही कशात केलंय.”

 परत येताना बाजारात गाडी थांबवायला लावून दाजींनी एक नवं पातेलं, नवं ओगराळं आणि तेलाचा नवा डबा घेतला. दुकानदाराने हळूच विचारलं, तब्येत कशी आहे आता? दाजी म्हणाले, छान. आणि खरंच छान दिसत होते.

दुसऱ्या दिवशी खाणावळीची साप्ताहिक सुट्टी होती. घर खाणावळीच्याच वरच्या मजल्यावर. पण तिथल्या ओट्याला ताई दाजींना हात लावू देत नाही, ते फार पसारा करतात. म्हणून त्यांनी खालीच मांडलं. अख्खी मोरी घासली, शेगडी घासली, स्वतःचे हात कोपरापर्यंत घासले. थोरलं तेवढं त्याच्या जागी मंद आचेवर होतं, ते सुट्टीलाही उतरत नाही. मला मटार सोलायला बसवलं. मसूर, बटाटे, गाजर, भाजलेला कांदा, टोमॅटो. दाजी त्या दिवशी पहिल्यांदा स्वयंपाकाकडे बघत रांधत होते. एक शब्द नाही. मी दोनदा विषय काढून बघितला, तर डोळ्यांनीच गप्प केलं.

मग मुंगी जिन्यावरून खाली आली आणि दारात उभी राहिली. वास छान सुटलाय म्हणाली. जरा वेळाने आत आली, आणि लहानपणी बसायची त्या फळीला टेकली. दवाखान्यातल्या एका बोक्याची गोष्ट सांगू लागली, जो फक्त तिच्या हातून औषध घेतो आणि मग तिलाच ओरबाडतो. दाजी हसले. त्यांनीही मटणवाल्याची गोष्ट सांगितली, केळ्यांची. ती पोट धरून हसली. मग गुडघा कसा आहे तिने विचारलं, सासरची माणसं कशी आहेत त्यांनी विचारलं, आणि दोघं असे बोलू लागले की मी मटार सोलायचं विसरलो. चार वर्षांचं बोलणं साठलेलं होतं, ते कुठून कुठे चाललं होतं कुणास ठाऊक. दाजी बोलत होते आणि हात आपले काम करत होते.

तो हात डावीकडे गेला तेव्हा मी बघत होतो. थोरल्यातलं ओगराळं भरलं, मसुरीत रिकामं झालं, एकदा ढवळलं गेलं, पातेलं उतरलं. मला ते इतकं सवयीचं की काही खटकलंच नाही. दाजी तेवढे वाक्याच्या मधे थांबले. मग म्हणाले, चला, पानं घ्या.

वर ताईने पानं मांडली होती. जावई हात धुऊन बसला. भात वाढला, त्यावर मसूर वाढली, आणि वास असा की मलाही मटणाची आठवण आली नाही. का आली नाही ते नंतर कळलं. मुंगीने खरंच काही विचारलं नाही. तिने भात कालवला, घास उचलला. जिना चढेपर्यंत दाजींनी स्वतःशी काय वाद घातला ते त्यांनाच माहीत. पण घास तोंडाशी गेला तसं त्यांनी तिचं मनगट धरलं.

“थांब. त्यात थोरल्यातलं पडलंय. बोलण्याच्या नादात घातलं गेलं.”

ताईने कपाळावर हात मारून घेतला. जावयाने आपला घास हळूच ताटात ठेवला. मला दाजींचा असा राग आला की काय सांगू. एक ओगराळं, आणि तेही चुकून. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला कळलं नसतं, पोरगी पोटभर जेवून गेली असती आणि चार वर्षांचं भांडण तिथेच मिटलं असतं. मी असतो तर गप्प बसलो असतो, आणि आजही असंच म्हणतो.

मुंगी म्हणाली, “मी विचारलं नव्हतं, बाबा.”

“म्हणून तर सांगावं लागलं.”

तिने घास खाली ठेवला. डोळे भरले होते तिचे. माझेही भरले, आत्ता रागावलो होतो तरी. ती उठली, हात धुतले, आणि दाजींना म्हणाली, चला खाली, परत करू. दाजी म्हणाले, आता तीन वाजतील, तुम्ही भुकेले आहात. ती म्हणाली, असू दे, आणि गप्प राहून करू नका, बोलत बोलतच करा, मी उभी राहते मधे.

ती खरंच मधे उभी राहिली, दाजींच्या डाव्या हाताला, थोरल्याकडे पाठ करून. दाजी नव्याने कांदा भाजत होते आणि बोलत होते. मधे एकदा हात निघाला तो तिच्या दंडावर आपटला, आणि ती म्हणाली, परत जा. दुसऱ्यांदा तर ओगराळं तिच्या खांद्याला लागलं. जावई दारातून हे सगळं बघत होता आणि पहिल्यांदाच त्याने फोटो काढला नाही. मी जिन्याच्या पायरीवर पहिलं पातेलं संपवत बसलो होतो; कुणीतरी संपवायला हवंच होतं.

सगळे जेवायला बसले तेव्हा उन्हं कलली होती. मुंगी मुकाट्याने जेवली, भात दुसऱ्यांदा घेतला, ताट स्वच्छ केलं. दाजी जेवत नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, कसं झालंय?

तिने जरा विचार केला. “खरं सांगू? काहीतरी कमी आहे.”

ताईने डोळे वटारले. दाजी मात्र खूष झाले. गिऱ्हाइकाने खरं सांगितलं की ते असेच खूष होतात. म्हणाले, मलाही वाटलंच, कांदा अजून काळा व्हायला हवा होता, आणि मसूर आधी नुसती परतून घ्यायला हवी. ती म्हणाली, मशरूम घालून बघा. ते म्हणाले, सुकवलेले असतील तर आणखी बरं, बाजारात मिळतात का बघतो. असं दोघांचं चाललं, जणू बाकी आम्ही तिथे नव्हतोच.

मग दाजींना गाडीची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीची मुंगी-जावयाची तिकिटं होती, आणि स्टेशनवर सोडायला मलाच सांगून ठेवलं होतं. दाजी ताटाकडे बघत म्हणाले, “उद्या परत करून बघितलं असतं.”

मुंगीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले आणि आणखी थोडा भात घेतला.

“बघा करून,” ती म्हणाली. “मीठ जरा कमी घाला.”